दाद कोणाकडे मागावी?

नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागावी, अशा अर्थाची एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. म्हणीत प्रश्न विचारलेला असला, तरी त्याला उत्तर नाही असेच तीत गृहीत धरलेले आहे. पाऊस माणसाच्या हातचा नाही. तद्वत घरातील मारहाणही सोसावी आणि गप्प बसावे, हे तिचे सांगणे. पावसापुरती ही म्हण आजही खरी मानता येईल. नवऱ्यापुरती मात्र ती खरी राहिलेली नाही. संसदेने २००५ साली केलेला ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला आणि दाद कोणाकडे मागावी, कशी मागावी व ती मागितल्यावर काय मिळावे, हे त्यात स्पष्टपणे सांगण्यात आले. परंतु कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले आणि गावातील बाईला ठाऊक असलेले, यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कमी करण्याचे काम ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या संस्थांनी करावयाचे आहे, आणि जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा ही त्यांचीच गावातील नित्य उघडी असणारी शाखा आहे. म्हणून या विषयाचा विचार या पुस्तिकेत करणे अगत्याचे वाटते.

हा शिक्षणाचा विषय कसा?

घरातील भांडणाशी शाळेचा काय संबंध, असे काही शिक्षकबंधू विचारतील. त्यांनी आपला वर्ग एकदा डोळ्यांपुढे आणावा. काल पाढे घडाघड म्हणणारे मूल आज मुके बसलेले असते. एखादे मूल दप्तर न घेताच येते, कारण रात्री ज्या घरातून ते आईबरोबर निघाले त्या घरात दप्तर राहिलेले असते. एखादी मुलगी सुटीची घंटा झाली तरी शाळेच्या पायरीवर रेंगाळते. एखादे मूल अचानक दोन महिने गैरहजर राहते आणि चौकशी केल्यावर ते आईसह आजोळी गेल्याचे कळते. हजेरीपटावर या मुलांच्या नावापुढे केवळ खाडा लागतो. त्या खाड्याचे कारण हजेरीपट सांगत नाही. मार प्रत्यक्ष आईला बसत असला, तरी तो पाहणारे मूलही त्याच घरात भीतीने जागे असते. अशा मुलाच्या मंद प्रगतीचे खापर त्याच्या बुद्धीवर फोडणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होय.

शिक्षण आणि स्त्रीची घरातील सुरक्षितता यांचा संबंध आपल्या भागात पूर्वीच ओळखण्यात आला होता. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, स्त्रियांना क्रूरपणाने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. मूल शाळेत यावे यासाठी सक्ती करणारा राज्यकर्ता त्याच मुलाच्या घराकडेही पाहतो, ही गोष्ट आपण शिक्षकांनी विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे.

प्रश्नाचा विस्तार

हा प्रकार क्वचित कोठे घडतो, अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित वा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के व महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार सोसल्याचे सांगितले. याचा सरळ अर्थ असा की, चाळीस मातांची सभा भरली, तर सरासरीने दहाजणींना हा अनुभव आलेला असतो. त्याच सर्वेक्षणात देशातील हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. आणखी एक गोष्ट अशी की, काही कारणे घडली तर पतीने पत्नीला मारणे योग्यच आहे, असे मानणाऱ्यांत जवळजवळ निम्मे पुरुष होते आणि जवळजवळ निम्म्या स्त्रियाही होत्या. हे मत कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ते घरात, अंगणात आणि, हे मान्य केले पाहिजे, शाळेतही शिकले जाते.

हिंसाचार कशास म्हणावे?

हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. अधिनियमात त्याचे चार प्रकार मानलेले आहेत. पहिला शारीरिक : मारणे, ढकलणे, उपाशी ठेवून शरीरास अपाय करणे. दुसरा लैंगिक. तिसरा शाब्दिक व भावनिक : शिवीगाळ, मूल होत नाही वा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे, माहेरच्यांना इजा करण्याची धमकी देणे. चौथा आर्थिक : घरखर्चास पैसे न देणे, तिचे स्त्रीधन वा मजुरी काढून घेणे, घराबाहेर काढणे. या चौथ्या प्रकाराकडे गावाचे लक्ष सहसा जात नाही, कारण त्याचे वळ अंगावर उमटत नाहीत.

तसेच हा अधिनियम केवळ पत्नीपुरता नाही. एका घरात राहणारी वा राहिलेली आई, बहीण, मुलगी, विधवा सून, विवाहाप्रमाणे असलेल्या संबंधात राहणारी स्त्री, या सर्वांना त्याचा आधार आहे. मुलाने हाकलून दिलेल्या वृद्ध मातेलाही याच अधिनियमाखाली दाद मागता येते.

दारूविषयी येथे दोन शब्द लिहिणे जरूर आहे. दारूने हिंसाचार वाढतो, यात शंका नाही. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी मतदानात ‘आडव्या बाटली’ला कौल दिल्यास गावचे दारूचे दुकान बंद करता येते, आणि महाराष्ट्रातील अनेक गावांतील महिलांनी हे करून दाखविले आहे. परंतु दारू हेच मूळ आहे, असे समजू नये. झिंगलेला मनुष्य वाटेत भेटलेल्या सरपंचावर किंवा फौजदारावर हात उगारीत नाही. घरी पोचेपर्यंत तो आपला हात आवरतो. ज्याच्यावर हात उगारल्यास कोणी जाब विचारणार नाही असे त्यास ठाऊक असते, त्याच्यावरच तो उगारतो. जाब विचारणारे कोणी आहे, हे त्यास कळणे हाच खरा उपाय होय.

बांधाचा तंटा आणि घरातील मारहाण

गावात तंटा झाला की चार शहाणी माणसे बसून समेट करतात. ही आपली जुनी व चांगली रीत आहे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तिला सरकारी पाठबळही दिले. बांधाच्या तंट्यात दोन्ही शेतकरी सारख्याच बळाचे असतात. प्रत्येकाने हातभर जागा सोडली की तंटा मिटतो व दोघेही आपापल्या घरी सुखाने झोपतात. घरातील मारहाणीस हीच रीत लावली म्हणजे काय होते, ते पाहावे. एका बाजूस मारणारा, दुसऱ्या बाजूस मार खाणारी. तिने सोडावयाचे काय? अर्धा मार? शिवाय समेटानंतर दोन्ही पक्षांना त्या एकाच घरात परत जावयाचे असते. चारचौघांत बोलल्याचा राग मनात धरून पती घरी येतो आणि त्या रात्री तिला विचारणारे कोणी नसते. पंच मात्र तंटा मिटला असे समजून निश्चिंत झालेले असतात.

“जरा सांभाळून घे, मुलांकडे पाहा,” हा उपदेश चांगल्या हेतूनेच केला जातो. परंतु सांभाळून घेण्याचा सारा भार ज्या उपदेशात एकटीवर पडतो, त्याला समेट म्हणता येत नाही. अशा उपदेशाने परत पाठविलेली बाई पुन्हा कोणाकडे येत नाही, कारण येऊन उपयोग नाही हे ती शिकलेली असते. त्यापुढे गावाला जे कळते ते फार उशिरा कळते, आणि पुष्कळदा पंचनाम्याच्या वेळीच कळते.

म्हणून बळाचा वापर झाला असेल, तेथे आधी संरक्षण आणि मग, तिची इच्छा असेल तरच, बोलणी, हा क्रम गावाने पाळला पाहिजे. या अधिनियमाखालील २००६ च्या नियमांतही समुपदेशनाविषयी हीच दृष्टी आहे. हिंसाचार पुन्हा होणार नाही याची हमी मिळविणे, हा समुपदेशनाचा हेतू सांगितला असून, आपल्या कृत्याचे समर्थन करण्याची मोकळीक प्रतिवादीस ठेवलेली नाही. “तिने उलट उत्तर दिले म्हणून मारले,” हे वाक्य तेथे ऐकून घेतले जाऊ नये, असा त्याचा अर्थ.

कायद्याने दाखविलेली वाट

पुष्कळ स्त्रिया पोलीस ठाण्यात जाण्यास कचरतात, कारण पतीला तुरुंगात पाठवावे अशी त्यांची इच्छा नसते. मार थांबावा आणि डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, एवढेच त्यांना हवे असते. १९८३ साली दंडसंहितेत घातलेले ४९८अ हे कलम, ज्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली, शिक्षा करण्यासाठी आहे. २००५ च्या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की, तो मुख्यतः संरक्षण देण्यासाठी आहे. सोसणे आणि संसार मोडणे या दोहोंच्या मध्ये त्याने तिसरी वाट काढून दिली.

ती वाट कशी जाते हे एका उदाहरणाने पाहू. समजा, तिसरीतील एका मुलीच्या आईस पती वरचेवर मारतो आणि “घर माझ्या बापाचे आहे, चालती हो,” असे म्हणतो. तिने, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणीही, संरक्षण अधिकाऱ्यास माहिती द्यावी. हे अधिकारी राज्य शासनाने नेमलेले असतात. आपल्या भागातील संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व ठिकाण पंचायत समितीच्या आवारातील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे विचारावे. शेजाऱ्याने वा शिक्षकाने सद्भावनेने अशी माहिती दिली, तर त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे चौथ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा विहित नमुन्यातील अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवितो, तिला अर्ज करण्यास साह्य करतो, जखम असल्यास वैद्यकीय तपासणीस नेतो आणि राहण्याची सोय नसल्यास आधारगृहात व्यवस्था करतो. सरकारी दवाखान्यास तिला उपचार नाकारता येत नाहीत.

अर्ज मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत पहिली सुनावणी ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे अधिनियम सांगतो. दंडाधिकारी पुढील आदेश देऊ शकतात : हिंसाचार करू नये असा संरक्षण आदेश, तिला घरातून काढू नये, किंवा गरज पडल्यास पतीनेच घराबाहेर राहावे, असा निवासाचा आदेश, औषधोपचार, पोटगी व नुकसान यांसाठी रकमेचा आदेश, आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश. निकड असल्यास अंतरिम आदेशही मिळतो. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

“घर माझ्या बापाचे आहे,” या म्हणण्याला १७ व्या कलमाने उत्तर दिलेले आहे : ज्या घरात ती संसार करीत आली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. ते सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते तिचे सामायिक निवासस्थान ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. वकिलाच्या खर्चाची चिंताही तिला नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

स्थानिक संस्थांच्या हाती काय आहे?

न्याय देण्याचे काम न्यायालयाचे आहे. परंतु न्यायालयापर्यंतचा रस्ता गावातून जातो, आणि गावातला रस्ता नीट राखणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम होय.

पहिले साधन निधीचे. ग्रामपंचायतीने व जिल्हा परिषदेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजनांत महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालविण्याची योजना आहे. शिलाई यंत्रांचे वाटप आणि हळदीकुंकवाचा समारंभ यांपलीकडे हा निधी जावा आणि तालुक्याच्या ठिकाणी जाणकार समुपदेशक स्त्री नित्य बसावी, यासाठी सदस्यांनी आग्रह धरणे इष्ट आहे. मुंबईत महानगरपालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. जखमेवर पट्टी बांधून घेण्यास आलेल्या स्त्रीला ती जखम कशी झाली हे आपुलकीने विचारणारी बाई रुग्णालयातच असावी, ही त्यामागील कल्पना. पुढे इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. स्थानिक संस्थेने मनावर घेतल्यास काय होते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरे साधन सभेचे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. ही सभा केवळ सह्यांपुरती न होता खरोखर भरली, तर जे चारचौघांत बोलवत नाही ते तेथे बोलता येते. ग्रामसभेने एखाद्या गोष्टीस नाव देऊन ती निषिद्ध मानली की गावाची नजर बदलते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. घराच्या उंबऱ्याआतील म्हणून जी गोष्ट वर्ज्य मानली जात होती, तिच्याविषयी एका गावाने उघडपणे निर्णय घेतला. मारहाणीविषयी तसा ठराव करण्यास कोणत्या गावाची आडकाठी आहे?

तिसरे साधन नोंदवहीचे. गावातील घराची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे करण्याचे धोरण शासनाने २००३ साली स्वीकारले. घराच्या उताऱ्यावर जिचे नाव आहे, तिला “चालती हो” असे म्हणताना मनुष्य दोनदा विचार करतो. ज्या घरांची अशी नोंद राहिली असेल, त्यांची यादी ग्रामपंचायतीने करावी. या कामाला पैसा लागत नाही. इच्छा मात्र लागते.

शिक्षकाने काय करावे, काय टाळावे

शिक्षकाने पंच होऊ नये, वकील होऊ नये आणि पोलीसही होऊ नये. वाट दाखविणारा एवढीच त्याची भूमिका असावी, आणि तीही जपून पार पाडावी.

सर्वप्रथम टाळावयाच्या गोष्टी सांगतो. वर्गात सर्वांसमोर मुलास घरची हकीकत विचारू नये. “तुमची मुलगी असे असे सांगत होती,” असे वडिलांना कधीही सांगू नये. त्याची शिक्षा त्याच रात्री मायलेकींना भोगावी लागते. मुलाकडून साक्ष काढण्याचा प्रयत्न करू नये. ऐकलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेस घेऊ नये. बाईच्या संमतीवाचून तिच्या घरी मध्यस्थीस जाऊ नये.

आता करावयाच्या गोष्टी. मूल आपणहून बोलले तर शांतपणे ऐकावे आणि यात तुझा काही दोष नाही, एवढे त्याला अवश्य सांगावे. आईला माता-पालक सभेच्या निमित्ताने बोलावून, शक्यतो शिक्षिकेने, एकटीशी बोलावे. काय करावे हे न सांगता काय करता येते हे सांगावे. निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. घर सोडण्याची वेळ आल्यास मुलाच्या शाळेच्या कागदपत्रांसाठी तिची अडवणूक होऊ नये. नव्या शाळेत मुलास तत्काळ दाखल करून घ्यावे. जिवास धोका असल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. सल्ल्यासाठी महिलांकरिता १८१, विधी साहाय्यासाठी १५१००, आणि मुलासच मारहाण होत असेल तर १०९८ हे क्रमांक आहेत. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीचाही उपयोग करावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास मात्र विचार करीत बसू नये. २०१२ च्या कायद्यानुसार त्याची खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

अध्यापनातही बरेच करता येते. परिसर अभ्यासात कुटुंबाचा पाठ शिकविताना घरातील कामे कोण करते याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी. वर्ग झाडण्याचे काम मुलींना आणि फळे वाहण्याचे काम मुलांना, ही वाटणी बंद करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छडी कायमची ठेवून द्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केलेली आहे. चुकल्यास मारणे योग्य, हे जो शिक्षक हाताने शिकवितो, त्याने मारणे अयोग्य असे तोंडाने कितीही सांगितले तरी मुले हाताचेच शिकतात. आणि हाही विचार प्रत्येकाने एकांतात करावा की, शिक्षकांची घरे या प्रश्नास अपवाद आहेत काय? गावाला वाट दाखविणाऱ्याचे स्वतःचे घर आधी निर्भय असले पाहिजे, आणि जी शिक्षिका भगिनी स्वतःच हे सोशीत असेल, तिच्यासाठीही वर सांगितलेली वाट तितकीच खुली आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असतात. समितीच्या पुढील सभेत मुख्याध्यापकांनी हा विषय घ्यावा. संरक्षण अधिकारी, समुपदेशन केंद्र व तालुका विधी सेवा समिती यांचे पत्ते आणि वरील चार क्रमांक ठळक अक्षरांत लिहून, जेथे स्त्रिया निर्धास्तपणे वाचू शकतील अशा ठिकाणी, म्हणजे अंगणवाडीत, आरोग्य उपकेंद्रात आणि शाळेच्या व्हरांड्यात लावावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावेत. एवढे काम एका आठवड्यात होण्यासारखे आहे. ते झाल्याची नोंद केंद्रप्रमुखांनी आपल्या पुढील शाळाभेटीत घ्यावी, अशी विनंती आहे.